एर्बियमची काच हिरवी पेटते, मग इन्फ्रारेड कुठे जातं?

कोवळी_काच
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला एर्बियम डोप केलेली (म्हणजे थोडं एर्बियम मिसळलेली) फॉस्फेट काच दिलीय. काच वितळवून झाली, छान गुलाबी आली, बुडबुडे नाहीत, पॉलिशही बरं झालं. आता ९८० नॅनोमीटरच्या डायोड लेझरने पंप करायचं (म्हणजे एर्बियमला ऊर्जा द्यायची) आणि १.५ मायक्रॉनच्या आसपास जे इन्फ्रारेड बाहेर पडतं ते मोजायचं, एवढंच काम आहे.

तर प्रॉब्लेम असा की लॅबमधल्या एका सीनियरची टेल्युराइट काच आहे, तिच्यातही एर्बियम ऑक्साइड माझ्याइतकंच, १ मोल टक्का, आणि तिच्यावर हाच लेझर मारला की ती अशी हिरवीगार पेटते की खोलीतले दिवे चालू असतानाही दिसते. माझ्या काचेत मात्र दिवे घालवून, डोळे अंधाराला सरावल्यावर कुठे एक फिकट हिरवा ठिपका. सगळे म्हणतायत काच फसली, परत वितळव. त्यात १.५ मायक्रॉनचा लाइफटाइम (आयन सरासरी जितका वेळ उत्तेजित राहतो तो) ३ मिलिसेकंदच्या आसपास येतोय आणि पेपरांमध्ये फॉस्फेटला ८ च्या घरात दिलेला असतो.

प्रश्न दोन. एक, काच खरंच वाया गेलीय का? आणि दुसरा जरा बाळबोध आहे, एवढी मूलद्रव्यं पडलीत तर सगळे एर्बियमच्याच मागे का?

वेव्हनंबर
उत्तर नंतर, आधी एक सांग, डोळे अंधाराला सरावून तू त्या ठिपक्याकडे बघतेस तेव्हा गॉगल घातलेला असतो ना? ९८० डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, आणि अंधारात बाहुली मोठी झालेली असते, म्हणजे रेटिनाची पुरती वाट. ९८० अडवणाऱ्या चांगल्या गॉगलमधून हिरवं दिसतं, सबब चालणार नाही.

कोवळी_काच
घातलेला असतो ताई, सर त्याशिवाय खोलीत पाऊल ठेवू देत नाहीत.

उगाचप्रश्न
मी पडलो कॉमर्सवाला, पण शीर्षक बघून आत आलो. मला मुळातच एक कळलं नाही, लेझर प्रकाश तयार करतो, फायबर तो वाहून नेतं, मग मध्येच काचेला स्वतःचा उजेड पाडायची गरज काय?

ट्रंकलाइन
माझ्या पोटापाण्याचा प्रश्न विचारलात. फायबरची काच कितीही शुद्ध करा, १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी जातंच. ८० किलोमीटरला १६ डीबी, म्हणजे टाकलेल्या प्रकाशाचा चाळिसावा भाग पलीकडे पोचतो. आणखी ८० किलोमीटर गेलात की चाळिसाव्याचा चाळिसावा. पूर्वी यावर इलाज म्हणजे रिजनरेटर, प्रकाश उतरवून वीज करायची, पल्स साफसूफ करायचे आणि दुसऱ्या लेझरने पुन्हा प्रकाश करून पुढे ढकलायचा. अटलांटिकखालून गेलेली पहिली फायबर केबल, १९८८ ची टीएटी-८, अशीच होती, १.३ मायक्रॉनवर चालायची, फायबरच्या एका जोडीवर २८० मेगाबिट. यात मेख अशी की त्या डब्यातलं इलेक्ट्रॉनिक्स एका वेगासाठी आणि एकाच वेव्हलेंथसाठी बांधलेलं, वेग वाढवायचा तर समुद्राच्या तळाशी असलेले डबे बदला, करा काय करायचं ते.

एर्बियमच्या फायबरने हे सगळं मोडीत काढलं. दहावीस मीटर डोप्ड फायबर, एक पंप लेझर, एक कपलर, दोन बाजूंना आयसोलेटर (प्रकाश उलटा येऊ न देणारे), झाला ॲम्प्लिफायर. प्रकाश प्रकाशच राहतो. आत आलेला एक फोटॉन उत्तेजित एर्बियमच्या आयनला हलवतो आणि तंतोतंत स्वतःसारखा दुसरा घेऊन पुढे जातो. २० ते ३० डीबी गेन (प्रकाशाची वाढ) आरामात मिळतो, आत एक चॅनल (एका वेव्हलेंथवरचा डेटा) आहे की ऐंशी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९९५-९६ ला टीएटी-१२/१३ याच तंत्रावर आली आणि तिथून पुढे इंटरनेटचं जे झालं ते आपण सगळे भोगतोच आहोत.

भट्टीकर
कोवळी_काच, तुझी काच फसलेली नाही. निदान ज्या कारणावरून सगळे म्हणतायत त्यावरून तर अजिबात नाही. हिरवं कमी दिसतंय हे चांगलं लक्षण आहे.

एर्बियमच्या तीन पातळ्या डोक्यात धर. तळ, मधली (तळापासून साधारण ६५०० वेव्हनंबरवर, वेव्हनंबर म्हणजे इथे ऊर्जेचं माप, हिच्यातून खाली पडताना १.५ मायक्रॉन मिळतो) आणि वरची, साधारण १०,२०० वर. ९८० चा पंप आयनला थेट वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. आपल्याला तो हवाय मधल्या पातळीत. वरून मधल्यापर्यंतची घसरण प्रकाश न टाकता, काचेच्या कंपनांना ऊर्जा देऊन व्हायला पाहिजे आणि पटकन व्हायला पाहिजे. फॉस्फेटमध्ये ती काही मायक्रोसेकंदांत होते. टेल्युराइटमध्ये आयन तिथे बराच जास्त वेळ, शंभर मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक, लटकून राहतो. आता तो वर लटकलेला असतानाच ९८० चा दुसरा फोटॉन येऊन आदळला तर काय होणार, आयन अजून वर फेकला जातो आणि तिथून पडताना ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरला हिरवा प्रकाश देतो.

म्हणजे सीनियरच्या काचेतलं ते हिरवंगार सगळं इन्फ्रारेडच्या खात्यातून चोरलेलं आहे. दोन पंप फोटॉन खर्ची पडले आणि १.५ मायक्रॉनच्या हातात त्यातलं फारसं काही आलं नाही. टेलिकॉमच्या काचेला डोळ्यांनी मार्क देऊ नयेत.

तुझा तो ३ मिलिसेकंद मात्र खटकतोय, त्यावर नंतर सविस्तर लिहितो.

उगाचप्रश्न
थांबा थांबा. डोळ्याला न दिसणारे दोन फोटॉन मिळून एक हिरवा? हे फुकटात जास्त मिळाल्यासारखं नाही का वाटत?

वेव्हनंबर
नाही हो. ९८० चा एक फोटॉन साधारण १.२७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, दोनचे झाले अडीच. हिरवा ५४५ चा म्हणजे २.२७ च्या आसपास. उरलेलं काच तापवण्यात गेलं. हिशोब तंतोतंत लागतो, किंबहुना थोडं नुकसानच होतं.

भट्टीकर यांनी जे लिहिलंय त्याच्या मागे एक जुना नियम आहे, तो इथे मांडते कारण कोवळी_काच हिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. काचेतले अणू सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीची एक कमाल ऊर्जा असते. बोरेट काचेत ती साधारण १४०० वेव्हनंबर, फॉस्फेटमध्ये १२००, सिलिकात (साध्या फायबरच्या काचेत) ११००, जर्मेनेटमध्ये ९००, टेल्युराइटमध्ये ७५० च्या आसपास, फ्लोराइडमध्ये ५००-५८०, आणि गंधकाच्या वगैरे चाल्कोजेनाइड काचांत ३५० पर्यंत खाली. उत्तेजित आयनाला प्रकाश न टाकता खाली यायचं असेल तर दोन पातळ्यांमधलं अंतर या थरथरीच्या हप्त्यांत फेडावं लागतं. ओढा ओलांडताना मधले दगड मोठे असले की दोन-तीन ढांगांत पलीकडे, बारके असले तर जास्त पावलं, आणि प्रत्येक पावलाला घसरायची भीती. हप्ता एकाने वाढला की हे घडायची शक्यता कैक पटींनी उतरते.

आता एर्बियमचं नशीब बघा. मधल्या पातळीपासून तळापर्यंत ६५००, सिलिकात सहा हप्ते लागतात, ते इतकं अवघड की आयन प्रकाश टाकूनच खाली येतो, लाइफटाइम १० मिलिसेकंदच्या आसपास. आणि वरून मधल्यापर्यंत ३६०० च्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन हप्ते, ते पटकन फिटतात. जिथे घसरण हवी तिथे घसरण, जिथे नको तिथे अडसर. वर त्याची वेव्हलेंथ बरोबर तिथे पडते जिथे सिलिका फायबरचा लॉस सगळ्यात कमी आहे. असला योगायोग आवर्तसारणीत दुसरा नाही.

ट्रंकलाइन
+१. आणि १५५० ला लॉस कमी का तेही सांगून टाकतो. काच गोठताना घनतेत बारीक चढउतार राहून जातात, त्यावर प्रकाश विखुरतो, हा रॅले विखुरण वेव्हलेंथच्या चौथ्या घाताने कमी होतो, म्हणजे जितकं इन्फ्रारेडकडे जाल तितकं बरं. पण १.६ मायक्रॉनच्या पुढे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधाची कंपनं प्रकाश गिळायला लागतात. या दोघांच्या मधली खाच म्हणजे १५५०. शिवाय १३८३ ला पाण्याचा, म्हणजे खरं तर ओएच गटाचा, एक सुळका असायचा, हल्लीच्या फायबरमध्ये तो जवळपास घालवलाय. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं होतं की लॉस काचेच्या स्वभावातला नसून तिच्यातल्या अशुद्धीमुळे आहे आणि तो २० डीबी प्रति किलोमीटरच्या खाली आणता येईल. १९७० मध्ये कॉर्निंगने ते करून दाखवलं. काओंना नोबेल मिळालं २००९ मध्ये, म्हणजे सगळं जग त्यांच्या फायबरवर बसून झाल्यावर.

वाचनमात्र
सुंदर धागा, वाचनखूण साठवलीय. एक शंका, लाइफटाइम १० मिलिसेकंद म्हणजे फारच सुस्त कारभार झाला ना? डेटा तर गिगाबिटने धावतोय, हा ॲम्प्लिफायर त्याच्या बरोबरीने पळणार कसा?

वेव्हनंबर
त्याने पळायचंच नाहीये, हीच तर गंमत! १० गिगाबिटला एक बिट ०.१ नॅनोसेकंदाचा. १० मिलिसेकंदांत असे दहा कोटी बिट निघून जातात. आयनांना एकेक बिट येतो-जातो त्याचा पत्ताच लागत नाही, त्यांना कळते ती फक्त सरासरी पॉवर. म्हणून एका चॅनलच्या शून्य-एकामुळे शेजारच्या चॅनलचा गेन वरखाली होत नाही. सेमीकंडक्टर ॲम्प्लिफायर आकाराने छोटा, स्वस्तात होणारा, पण त्याचा लाइफटाइम नॅनोसेकंदच्या आसपास, त्यामुळे तो बिटच्या तालावर नाचतो आणि चॅनल एकमेकांत मिसळतात. लांब पल्ल्याच्या बहुचॅनल लाइनवर एर्बियमने त्याला मागे टाकलं त्यात या सुस्तपणाचा वाटा मोठा आहे.

हा लाइफटाइम इतका लांब का, तर एर्बियमच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन पातळी बदलतात, आणि त्याच कवचाच्या आत अशी उडी तत्त्वतः निषिद्ध असते, काचेच्या असममित परिसरामुळे थोडीशी परवानगी मिळते इतकंच. बाहेरची कवचं त्या इलेक्ट्रॉनना झाकून ठेवतात, म्हणून काच कुठलीही असो, १.५ मायक्रॉन फारसा हलत नाही. रुंदी आणि लाइफटाइम बदलतात, जागा नाही.

ट्रंकलाइन
अवांतर: सुस्तपणाचा फटकाही बसतो बरं का. चालू लाइनवर निम्मे चॅनल एकदम गेले (जेसीबीने फायबर तोडलं की हे होतंच) तर उरलेल्यांना अचानक जास्त गेन मिळतो आणि रिसीव्हर बोंबलतो. त्यासाठी पंप लेझरची पॉवर लगोलग खाली ओढणारं सर्किट लागतं. अशा वेळी अलार्मांचा जो पाऊस पडतो तो ज्याने रात्रपाळीत पाहिलाय त्यालाच माहीत.

टेल्युराइटवाला
मीच तो सीनियर नव्हे, पण टेल्युराइटवर काम केलंय, म्हणून आमच्या काचेची बाजू मांडतो, इथे तिला उगाच चोर ठरवलं जातंय. मान्य, ९८० ने पंप केलं की आमच्याकडे हिरवी गळती होते. पण ९८० च कशाला? १४८० ने थेट मधल्याच पातळीत पंप करा, वर लटकण्याचा प्रश्नच येत नाही. किंवा थोडं सेरियम घाला, त्याच्या दोन पातळ्यांमधलं अंतर असं आहे की वर लटकलेल्या एर्बियमची ऊर्जा ते उचलून घेतं आणि आयन खाली उतरतो. आणि टेल्युराइटचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २ च्या आसपास, त्यामुळे एर्बियमची उत्सर्जनाची ताकद वाढते, लाइफटाइम ३-४ मिलिसेकंदांवर येतो पण ती गळती नाही, आयन खरोखरच लवकर प्रकाश टाकतो. शिवाय स्पेक्ट्रम रुंद, सिलिकापेक्षा बराच. सी आणि एल दोन्ही बँड, म्हणजे १५३० ते १६२५ च्या दिशेने, एकाच फायबरमध्ये कवेत घ्यायला टेल्युराइट फार आधीपासून वापरून पाहिलंय.

भट्टीकर
टेल्युराइटवाला यांचा मुद्दा रास्त. कमी लाइफटाइम म्हणजे वाईट काच असं सरसकट नाहीच, तो प्रकाश टाकून कमी झालाय की गळून, हे वेगळं काढावं लागतं. म्हणूनच शोषणाच्या स्पेक्ट्रमवरून जड-ओफेल्ट (Judd-Ofelt) सिद्धांत लावून, आयन नुसता प्रकाश टाकूनच खाली आला तर लाइफटाइम किती यायला हवा ते काढतात आणि मोजलेल्या आकड्याला त्याने भागतात, ती झाली क्वांटम एफिशियन्सी. मात्र जड-ओफेल्टचा आकडा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असतो, त्यावर दशांश चिन्हानंतर तीन आकडे छापणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता कोवळी_काच, तुझे ३ मिलिसेकंद. फॉस्फेटमध्ये ८ च्या जवळ यायला हवं होतं तिथे ३ म्हणजे निम्म्याहून जास्त आयन प्रकाश न टाकताच खाली आले. माझा पहिला संशय पाण्यावर. कच्चा माल कुठला घेतलास? बहुतेक अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट असणार, कारण सगळे तेच घेतात. ते तापताना अमोनिया आणि पाणी सोडतं, आणि फॉस्फेटच्या वितळाला पाणी सोडवत नाही. काचेत ओएच गट अडकून राहतो, त्याच्या कंपनाची ऊर्जा ३००० ते ३५०० वेव्हनंबर. म्हणजे एर्बियमचे ६५०० उतरायला वेव्हनंबर ताईंच्या हिशोबातले नुसते दोन हप्ते! काचेची स्वतःची थरथर जे काम सहा-पाच हप्त्यांत करू शकत नाही ते एक ओएच दोनमध्ये उरकतं.

आणि हा ओएच प्रत्येक एर्बियमच्या शेजारीच असायला हवा असंही नाही. १ मोल टक्क्याला आयन एकमेकांच्या इतके जवळ असतात की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी फिरत राहते, आणि फिरता फिरता एखादा ओएचच्या शेजारचा आयन सापडला की तिथे संपली. म्हणून कमी एर्बियमच्या काचेत हेच पाणी तितकं जाणवत नाही.

करायचं एवढंच, एफटीआयआर (काच कुठलं इन्फ्रारेड किती गिळते त्याचा आलेख) काढ. ३ ते ३.५ मायक्रॉनच्या पट्ट्यात पसरट मोठा खड्डा दिसला की गुन्हेगार सापडला.

कोवळी_काच
बापरे, एवढं सविस्तर! हो काका, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटच घेतलंय. एफटीआयआर उद्या लावते.

भट्टीकर
काका नको गं, अजून केस काळे आहेत.

धूसर
एर्बियमची आरती झाली, आता जरा बाकीच्यांकडे बघू. लोकांना सी आणि एल बँड पुरेना झालाय. फायबरची खिडकी १२६० पासून १६७५ पर्यंत उघडी आहे आणि एर्बियम तिचा चौथाई हिस्सा सांभाळतं. बाकीचं कोण सांभाळणार?

१.३ मायक्रॉनला प्रासिओडिमियम आहे. पण त्याच्या उत्तेजित पातळीखाली पुढची पातळी फक्त ३००० वेव्हनंबरवर, सिलिकात तीन हप्त्यांत खेळ खलास, उत्सर्जन जवळजवळ शून्य. म्हणून झेडब्लॅन काच वापरावी लागली, झिर्कोनियम, बेरियम, लँथॅनम, ॲल्युमिनियम आणि सोडियम यांची फ्लोराइडं, ही फ्लोराइड काच १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या रेन इथे सापडली. तिथेही लाइफटाइम ११० मायक्रोसेकंदच आणि एफिशियन्सी तीन-चार टक्के. ॲम्प्लिफायर बनले, विकलेही गेले, पण झेडब्लॅन नाजूक, ओढताना स्फटिक धरतं, दमटपणा सोसत नाही, आणि सिलिका फायबरला वेल्ड करून जोडता येत नाही. १.४७ ला थुलियम, पण त्याची खालची पातळी वरच्यापेक्षा जास्त वेळ भरलेली राहते, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, खालची रिकामी करायला वेगळी पंपाची युक्ती लागते. निओडिमियमचं १.३ ला उत्सर्जन आहे पण उत्तेजित आयन तोच प्रकाश पुन्हा गिळतात.

आणि मग येतो बिस्मथ, ज्याच्यासाठी मी हे टायपतोय. २००१ मध्ये जपानमध्ये फुजिमोतो आणि नाकात्सुका यांनी बिस्मथ घातलेल्या सिलिका काचेत १.२५ मायक्रॉनभोवती प्रचंड रुंद उत्सर्जन दाखवलं, २००५ मध्ये मॉस्कोत दियानोव यांच्या गटाने त्याचं फायबर लेझर केलं. बिस्मथचे कामाचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात, उघड्यावर, म्हणून काच बदलली की उत्सर्जन जागा बदलतं. ॲल्युमिनियम घाला, १.१५ च्या आसपास. फॉस्फरस घाला, १.३. साध्या सिलिकात १.४ च्या पुढे, भरपूर जर्मेनियम घाला तर १.७. एकच धातू आणि सगळी खिडकी, तीही सिलिकातच.

वाचनमात्र
मग घोडं कुठे अडलंय?

धूसर
अडलंय ते असं की काचेत नेमकं काय चमकतंय यावर अजून एकमत नाही. बिस्मथचा रिड्यूस झालेला (कमी प्रभाराचा) आयन आहे, की दोघांची जोडी आहे, की शेजारी ऑक्सिजनची जागा रिकामी असलेला गट आहे, प्रत्येक पेपरचं वेगळं म्हणणं. पेपरांमध्ये नाव पण मोघम ठेवलंय, बिस्मथ ॲक्टिव्ह सेंटर. जे काय आहे ते थोड्याच बिस्मथमध्ये तयार होतं, धातू जास्त घातला की चमकणारे कमी आणि नुसते गिळणारे जास्त. म्हणून एर्बियमचं फायबर दहावीस मीटर पुरतं तिथे बिस्मथचं शंभर मीटर आणि त्याच्याही पुढे लागतं. पण गेल्या काही वर्षांत ओ आणि ई बँडला (१२६० ते १४६०) प्रत्यक्ष डेटा पाठवून झालाय, मला तरी हाच घोडा पुढे जाईल असं वाटतं.

वेव्हनंबर
बिस्मथ मोजणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला. असला रुंद स्पेक्ट्रम घेतलात की १३५० ते १४२० मध्ये बारीक बारीक खाचा दिसतात, कंगव्याने ओढल्यासारख्या. त्या खाचा बघून नवीन सेंटरचे सिद्धांत मांडू नका, ती मोनोक्रोमेटरमधल्या (वेव्हलेंथ वेगळ्या करणाऱ्या यंत्रातल्या) हवेतली पाण्याची वाफ आहे. सुका नायट्रोजन सोडा, खाचा जातात. १.७ च्या पुढचा उतार पण काचेचा नसतो, साधा इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर तिथे आंधळा होतो. आणि ८०८ ने पंप करत असाल तर १६१६ ला जो टोकदार सुळका दिसेल तो त्याच यंत्रातल्या ग्रेटिंगच्या दुसऱ्या ऑर्डरमधून, म्हणजे दुप्पट वेव्हलेंथच्या जागी, आलेला पंपच, लाँगपास फिल्टर (छोट्या वेव्हलेंथ अडवणारा) लावा.

उगाचप्रश्न
मला यातलं निम्मं कळलं तरी मजा आली. एवढंच सांगा, काच म्हणजे खिडकीची असते तशीच ना, मग एर्बियम जास्त ओतलं की जास्त उजेड, इतकं सोपं का नाही?

भट्टीकर
कारण सिलिकाच्या जाळीत या मोठ्या आयनांना बसायला जागा नाही. दर दहा लाखात काहीशेच्या वर गेलात की ते घोळका करतात, शेजारी-शेजारी बसतात. दोन उत्तेजित आयन शेजारी आले की एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन तळाला जातो, दुसरा वर जाऊन लगेच मधल्यावर घसरतो. दोन उत्तेजितांचा एक झाला, प्रकाश शून्य. सिलिकात ॲल्युमिना घातली की घोळका मोडतो, आणि स्पेक्ट्रमही थोडा रुंद आणि सपाट होतो, म्हणून एर्बियमच्या बहुतेक फायबरात ॲल्युमिनियम असतंच. फॉस्फेट या बाबतीत उदार, ती भरपूर एर्बियम सामावून घेते, वर इटर्बियमही घेते. इटर्बियम ९०० ते १००० च्या मध्ये पंप भरभरून गिळतं आणि एर्बियमच्या वरच्या पातळीला देतं, आणि फॉस्फेटमध्ये एर्बियम तिथून इतक्या झटकन घसरतं की ऊर्जा परत करायला त्याच्याकडे वेळच नसतो. काही सेंटिमीटरचे लेझर आणि ॲम्प्लिफायर यावर चालतात.

ट्रंकलाइन
इतिहासाचं एक राहिलं. स्नायट्झर यांनी १९६१ मध्येच निओडिमियम काचेचा लेझर केला होता आणि १९६४ मध्ये कोस्टर-स्नायट्झर यांनी काचेच्या फायबरमध्ये प्रकाश वाढवूनही दाखवला. पण तेव्हा लांब जाणारं फायबरच नव्हतं, तर ॲम्प्लिफायर घेऊन करणार काय. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये देझुर्व्हिर यांनी एर्बियमचं दाखवलं आणि नंतर आठेक वर्षांत ते समुद्राखाली होतं. आता हवेने भरलेले पोकळ फायबर ०.१ डीबी प्रति किलोमीटरच्या खाली आलेत, त्यात सिलिकाची मर्यादा नाही, म्हणून दोन मायक्रॉनला थुलियमची दुसरी उडी, जी त्याची चांगली बाजू आहे, तिच्यावरही काही जणांचा डोळा आहे.

कोवळी_काच
एफटीआयआर काढला. ३००० वेव्हनंबरपाशी एवढा पसरट खड्डा आहे की तिथे प्रकाश जवळजवळ पलीकडे जातच नाही. सीनियरना दाखवला, ते म्हणाले मग हिरव्याचं काय, तर मी भट्टीकर यांचा प्रतिसादच वाचायला दिला. आता परत वितळवायची आहे. नायट्रोजन किंवा ऑक्सिजनची सोय होईल, प्लॅटिनमची मूस मिळतेय. काय काय सांभाळू? आणि नमुना ३ मिलिमीटर जाड आहे, चालेल ना?

भट्टीकर
अमोनियमवालं सोड. ॲल्युमिनियम आणि बेरियमची मेटाफॉस्फेटं घे, त्यात पाणी कमी आणि अमोनियाने प्लॅटिनम खराब व्हायचं टेन्शन नाही. पावडर आधी ओव्हनमध्ये वाळवून गरम असतानाच वापर. वितळल्यावर त्यात नळीने सुका ऑक्सिजन बुडबुडू दे, नायट्रोजन नको, फॉस्फेट प्लॅटिनमवर असताना वातावरण ऑक्सिडायझिंगच बरं. किती वेळ, तर दर थोड्या वेळाने थेंब काढून एफटीआयआर बघ, खड्डा भरायचा थांबला की तूही थांब, कारण उगाच ताणलंस तर फॉस्फरस ऑक्साइड उडून जातं आणि कॉम्पोझिशन बदलते. ओतल्याबरोबर ॲनिलिंगला (हळूहळू थंड करायला) टाक, नाहीतर कापताना तडकते.

३ मिलिमीटर अजिबात नको. १.५ मायक्रॉनचा प्रकाश काचेतून बाहेर पडायच्या आत दुसरा एर्बियम तो गिळून पुन्हा टाकतो, असं होत होत लाइफटाइम खोटा लांबतो. म्हणजे तुझे ते ३ सुद्धा थोडे फुगलेलेच असणार. अर्ध्या मिलिमीटरची चकती काप, लेझर अगदी कडेवर मार आणि कडेपासूनच प्रकाश गोळा कर. त्याच सेटिंगवर जुन्या काचेचीही तशीच पातळ चकती मोज, मग दोन आकडे शेजारी ठेवता येतील.